निर्मली देना, कुचला

माझं हिंदी ऐकून बरेच लोक हसले आहेत. नागपुरात वाढलेल्या मराठी माणसाला त्याची सवय लहानपणीच लागते. आम्ही सीताबर्डीवर हिंदीत भाव करतो, सदरला हिंदीत पत्ता विचारतो, आणि बहुतेक वेळा समोरचा माणूस मराठीच निघतो. दोघंही मग तेच हिंदी शेवटपर्यंत रेटतात, कारण मध्येच सोडलं तर हार मानल्यासारखं होतं. माझं हिंदी तर खास होतं. शब्द भरपूर, पण कुठल्या शब्दाला ‘का’ लावायचा आणि कुठल्याला ‘की’, हे मी त्या त्या क्षणी जिभेच्या मर्जीवर सोडायचो.

त्या वर्षांत मी पाणी तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. बाटल्या भरून आणायच्या, त्यात काय मिसळलंय ते पाहायचं, आणि ते काढायचं कसं ते साहेबाला सांगायचं. मौद्याच्या रस्त्यावरून एक फाटा आत जातो, तिथल्या एका गावाचं तळं आमच्याकडे आलं होतं. म्हणजे तळ्याची तक्रार आली होती. गावाच्या वरच्या अंगाला खाण होती. तिथे खनिज धुवायचे आणि धुतलेलं पाणी नाल्यात सोडून द्यायचे. नाला तळ्यात. तळ्यात उतरलेली म्हैस बाहेर यायची ती गेरूत बुडवल्यासारखी. बाया लुगड्याचा चौपदरी पदर घागरीवर बांधून पाणी गाळायच्या, तरी सकाळी घागरीच्या बुडाशी बोटभर चिखल.

त्या गावात मला एक ढिवर भेटले. त्यांचं सगळं आयुष्य त्या तळ्यात मासे धरण्यात गेलं होतं. पन्नाशी उलटलेले, अंगानं वाळलेले, आणि बोलायला लागले की थांबत नसत. मी त्यांना काका म्हणायचो. काकांच्या बोलण्यातलं अर्धं खरं असायचं, पण कुठलं अर्धं, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. तळ्याचा तळ त्यांना घरच्या अंगणासारखा माहीत होता. त्याच वेळी तळ्याच्या मधोमध एक सोन्याची नथ घातलेली मासोळी राहते, असंही ते तेवढ्याच खात्रीनं सांगायचे.

गाळ तळ्यात येण्याआधीच अडवायचा म्हणून मी नकाशावर नाल्याच्या तोंडाशी एक सरळ बांध आखला होता. काकांनी नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, “इथं नाई बसत गाळ. पाणी इथं धावून राहिलं. करंजापाशी पाहा, तिथं थकते ते.” करंजाच्या वळणावर खड्डा खणला तर गाळ खरंच तिथे बसायला लागला. मग काकांनी खड्ड्याच्या कडेनं बेशरमाची झाडं लावायचं ठरवलं. बेशरम कुठेही उगवतं, म्हणून तर ते नाव. पण त्याचा पाला गुरांना बाधतो, म्हणून मी अडून बसलो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच लव्हाळा आणि वाळा उपटून आणला आणि आपणच सुचवल्यासारखा लावला. असं आमचं जमलं. तळं निवळायला लागलं, साहेबानं पाठ थोपटली, आणि ती थाप माझ्या डोक्यात गेली.

तळं निवळत होतं, पण प्यायला योग्य व्हायला अजून वेळ होता. तेव्हा काकांनी निर्मळीची गोष्ट काढली. जंगलात निर्मळीचं झाड असतं. त्याची बी घागरीच्या आतल्या अंगाला पाण्यानं घासायची, की भाकऱ्या होईपर्यंत पाणी निवळतं. त्यांच्या आईच्या हातची ही रीत. मी प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांत करून पाहिलं. नुसत्या तुरटीपेक्षा तुरटी आणि निर्मळी मिळून गाळ भराभर खाली जात होता, आणि तुरटीही कमी लागत होती. मी इतका खूश झालो की काकांना सांगायला मुद्दाम गावात गेलो.

“पूड केली का तुमी?” त्यांनी विचारलं.

“पूडच करावी लागते, काका. घागरी किती घासणार? ड्रमात टाकायचीय.”

“पूड नाई करा लागत. हातानं घासा लागते. आन् घासताना बोला नाई लागत.”

“काहून?”

“बोललं का गाळ ऐकते.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्याच सुमारास गावातला एक म्हातारा शेतकरी वारला. तेरवीला चार गावचे लोक येणार. त्याचा थोरला मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “साहेब, पाव्हण्यांनी लाल पानी प्यायलं तं गावची इज्जत जाईन. तुमचं ते औषध आमच्याच घरी पहिलं करा.” मला याहून काय हवं होतं? मांडवात, चार गावांसमोर, गढूळ पाणी काचेसारखं करून दाखवायचं. मी म्हटलं, सगळं मी आणतो, तुम्ही फक्त ड्रम भरून ठेवा.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी इतवारीत गेलो. हिंग, सुंठ आणि जुन्या पोत्यांचा मिळून एक वास असलेलं जडीबुटीचं दुकान. गादीवर एक गोरेपान, जाड चष्म्याचे शेठ. मला निर्मळीची बी कुटलेली हवी होती. ‘कुटी हुई’ म्हणायचं इतकं सोपं होतं. पण मला त्या दिवशी ‘कुचलना’वरून जरा भारी शब्द सुचला.

“निर्मली देना,” मी म्हटलं, “कुचला.”

शेठनं चष्म्यावरून पाहिलं. “निर्मली... कुचला?”

“हाँ हाँ. कुचला. एकदम बारीक.”

“किस काम के लिए?”

“पानी में डालना है. गाँव के.”

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, माझ्या ज्ञानाचं कौतुक आहे. मग ते आत गेले, आतून खलबत्त्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं त्यांनी कागदाच्या दोन पुड्या माझ्यासमोर ठेवल्या. दोन का, हे मी विचारलं नाही. एका पुडीत मावलं नसेल.

तेरवीचा दिवस मे महिन्यातला, नागपुरी उन्हाचा. मांडवाबाहेर चुली पेटलेल्या, वांग्याच्या भाजीसाठी तेल तापत होतं, आणि चुलींच्या बाजूला ड्रमांची रांग. काका सकाळपासून दिसत नव्हते. मासे धरायला गेले असतील म्हणून मी त्यांची वाट पाहिली नाही. खरं सांगायचं तर, ते आले असते तर लोकांनी माझ्याऐवजी त्यांचंच ऐकलं असतं.

मी बाह्या सारल्या. मोजून आणलेली तुरटी फडक्यात बांधून प्रत्येक ड्रमात फिरवली. एक पुडी फोडली, ती सगळ्या ड्रमांत वाटून टाकली, बांबूनं ढवळलं, आणि पुडीचा कागद चुलीत फेकला. दुसरी पुडी लागलीच नाही, ती खिशात राहिली. माणसं वाकून वाकून पाहत होती. ढवळणं थांबलं तसा गाळाचे पुंजके होऊन तो हळूहळू खाली बसला, आणि वर पाणी असं दिसायला लागलं की ड्रमाच्या आतला गंज मोजून घ्यावा.

अशा वेळी गप्प बसणारा माणूस वेगळा. मी भाषण केलं. म्हटलं, “चव जरा तुरट, कडवट लागेल. तिकडे लक्ष द्यायचं नाही. ते औषध आहे.” आणि पहिला पेला भरून मेलेल्या म्हाताऱ्याच्या बायकोला, त्या घरच्या मायला, माझ्या हातानं दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि पदरानं ओठ पुसले.

“पानी साजरं हाये गा,” ती म्हणाली, “पण तोंड वाकडं करते.”

लोक हसले, मीही हसलो. बायकांनी त्याच पाण्यात डाळ-तांदूळ शिजायला टाकले.

स्वयंपाक झाला. त्या गावात तेरवीलाही घराच्या कौलांवर पान वाढून ठेवायचे, आणि कावळ्यानं चोच लावल्याशिवाय पंगत बसायची नाही. तोवर घरच्या कुणी चव घ्यायची नाही, मिठाचीसुद्धा नाही. पान ठेवलं गेलं. समोरच्या कडुनिंबावर दोन-तीन कावळे होते, पण एकही हलेना. म्हातारी अंगणात खाटेवर बसली होती, ती कौलांकडे पाहून बोलायला लागली. “जन्मभर हेच केलं तुमी. वाढून ठेवलं का येत नाई, आन् आम्ही जेवलो का येऊन भांडता.”

तेवढ्यात काका आले. हातात मातीचं मडकं, त्यात जिवंत मासोळ्या खळखळत होत्या. ड्रमांकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

“माह्याशिवाय केलं?”

“तुम्ही नव्हता, काका.”

“बोलले असान तुमी ढवळताना.”

“भाषणच केलं.”

“पायलं का नाई?” ते मांडवाला उद्देशून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “बी कुठून आणली?”

“इतवारीतून.” आणि इथे मी माझा पराक्रम सांगायला लागलो. शेठ कसे बघत राहिले, मी कसं हिंदी फाडलं. “म्हटलं, निर्मली देना, कुचला.”

काका थांबले. मडकं खाली ठेवलं. “कुचला मांगला? काहून?”

“कुटलेली पाहिजे होती ना.”

“साहेब, कुचला म्हणजे काजरा.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला एक श्वास जावा लागला. काजरा. ज्याला मी कॉलेजात नक्स व्हॉमिका म्हणून शिकलो. निर्मळीचंच भावंड, एकाच कुळातलं झाड. एक पाणी निवळतं, दुसऱ्यानं लोक पिसाळलेली कुत्री मारतात. लॅटिन नाव मला तोंडपाठ होतं, हिंदी नाव नव्हतं. आणि व्याकरणानुसार मी ‘कुचली’ म्हणायला हवं होतं. एका वेलांटीचा प्रश्न होता. शेठनं माझं हिंदी समजून घेतलं असेल तर दोन्ही पुड्यांत निर्मळी. शब्दशः घेतलं असेल तर एकीत निर्मळी आणि एकीत कुचला.

मी खिशातली पुडी काढली. तेवढ्यात एक आशा वाटली. काजरा कडू जहर असतो, जिभेला टेकला की कळतो. ही पुडी कडू निघाली तर कुचला माझ्या खिशात आहे, ड्रमात नाही. काकांनी चिमटीच्या टोकावर पूड घेऊन जिभेला लावली, डोळे मिटले, थुंकले.

“कडू नाई,” ते समाधानानं म्हणाले. “निर्मळीच हाये.”

मला हायसं वाटलं, जेमतेम पापणी मिटायला लागते तेवढा वेळ. मग आम्ही दोघांनी एकदमच ड्रमांकडे पाहिलं. हातातली निर्मळी, तर मग चुलीत गेलेल्या कागदात काय होतं?

मला भीती नवीन नव्हती. साहेबाची, सापाची, बायकोच्या माहेरच्या माणसांची, अशा सगळ्या भीत्या मी बाळगून होतो. पण ही भीती शिकून आलेली होती. पुस्तकात वाचलेलं सगळं ओळीनं आठवायला लागलं. आधी मान आखडते. मग जबडा मिटतो. मग साध्या आवाजानं, नुसता हात लागला तरी, अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. आणि माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. उकळूनही ते विष जात नाही. मी मनातल्या मनात हिशेब मांडला की एवढी पूड एवढ्या पाण्यात पडली तर पेल्यात किती उतरेल. पहिल्यांदा उत्तर आलं, काही होणार नाही. दुसऱ्यांदा मांडला तर सगळं गाव साफ. दशांश चिन्ह मला सापडेचना.

“चाखून पाहा,” मी काकांना कुजबुजलो. काकांनी ड्रमातलं ओंजळभर पाणी तोंडात घोळवलं आणि थुंकलं. मीही चाखलं. तोंड असं आवळून आलं की कडू काय आणि गोड काय, काही कळेना.

“किती तुरटी टाकली तुमी?” काका म्हणाले. “जीभ मेली माही. आता काजऱ्याचा लाडू देला तरी समजणार नाई.”

मी म्हातारीकडे पाहिलं. ती खाटेवर बसून गाल दाबत होती. मी धावलो.

“काय होतंय, माय? जबडा दुखतो का?”

“दाढ हाये.”

“कधीपासून?”

“तुह्या जन्माच्या आधीपासून. काहून?”

मी तिच्या मानेकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. एकानं पाण्याची कळशी आदळली आणि ती दचकली. मीही दचकलो. एवढ्यात पायरीवर बसलेला एक पाव्हणा पाय झाडत उठला. त्याच्या पायाला मुंग्या आल्या असणार, पण मला त्या वेळी मुंग्या वगैरे काही दिसत नव्हतं. ज्याला उचकी लागली तो, ज्यानं जांभई दिली तो, ज्यानं मान वळवली तो, सगळे मला मरताना दिसत होते. शेठना ‘गाँव के पानी में’ म्हटल्यावर कुठला शहाणा माणूस विष देईल, असं मी स्वतःला समजावत होतो. पण मग ते एवढा वेळ माझ्याकडे बघत का राहिले? आणि दोन पुड्या का?

कौलांवरचं पान तसंच होतं. कावळा यावा म्हणून सगळं गाव हात जोडून होतं, आणि येऊ नये म्हणून मी. तो येईपर्यंत पंगत बसणार नव्हती. तेवढीच माझी सवड. मुलगा अंगणात उभा राहून बापाला कबूल करत होता, मायला सांभाळीन, भावाला शिकवीन, वाटणी नाही करणार. कावळा ढिम्म. “साहेब, तुमी बसा ना सावलीत,” तो मला म्हणाला. “बाबा अजून रागात दिसून राहिले.”

“पंगत बसवू नका,” मी म्हटलं.

“कावळाच बसू नाई देऊन राहिला.”

“कावळा आला तरी बसवू नका.” माझा आवाज मलाच ओळखू येईना. “पाण्यात काजरा असू शकतो. माझ्या हातून.”

मुलानं माझं मनगट धरलं. मारण्यासाठी नाही, नुसतं धरलं, आणि पुढचं सगळं होईपर्यंत सोडलं नाही. नंतर कित्येक दिवस मला त्या बोटांची जागा जाणवायची. “माहा बाप तं गेला,” तो हळू आवाजात म्हणाला. “आता माय बी?”

मांडवात शब्द पसरला. चुलीवरची भांडी खाली उतरली. ज्यांनी पाणी प्यायलं होतं ते एका बाजूला झाले, न प्यायलेले दुसऱ्या. प्यायलेले एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. म्हातारी खाटेवरून उठून आमच्यापाशी आली. “मंग मी मेली का नाई अजून?” तिनं मला विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

“सरका,” काका म्हणाले. “मासोळी सांगीन.”

त्यांनी घमेल्यात ड्रमातलं पाणी ओतलं आणि मडक्यातल्या काही मासोळ्या सोडल्या. सगळं गाव घमेल्यावर वाकलं. मासोळ्या एक फेरी फिरल्या. मग वर आल्या, तोंडं पाण्याबाहेर काढून आ करायला लागल्या. एक कलली, आणि तिचं पांढरं पोट वर आलं.

“जहर हाये,” काका मोठ्यानं म्हणाले.

मागे एक बाई रडायला लागली. मुलाची बोटं माझ्या मनगटात रुतली. मला म्हणावंसं वाटलं की मलाही त्या घमेल्यात टाका. पण काका घमेल्यावरून उठले नाहीत. त्यांनी कललेली मासोळी बोटानं उचलली, वाकवून पाहिली, परत सोडली.

“पण काजऱ्यानं मासोळी अशी नाई मरत,” ते पुटपुटले. “ते झटका मारते आन् काडीवानी ताठ होते. हे तं मऊ हाये.”

“तुम्ही कुठे पाहिलं?” मी विचारलं.

“पायलं. कुठं, थे नका विचारू.” मग जरा थांबून, “आमच्या गावात नाई होत तसं. दुसऱ्या गावचे लोक डोहात काजऱ्याची साल टाकतेत.”

वर येऊन आ करत होत्या, आणि अंग मऊ. त्या ‘मऊ’ शब्दानं माझ्या बधिर डोक्यात कुठेतरी खुट्ट झालं. तुरटीचा हिशेब मी तळ्याच्या पाण्यावरून केला होता. मुलाला विचारलं, ड्रमात पाणी कुठलं भरलं? तो म्हणाला, पाव्हण्यांसाठी म्हणून अर्धं विहिरीचं, साफ; मे महिन्यात विहिरीला तेवढंच होतं. म्हणजे गाळ निम्मा आणि तुरटी पुरी. उरलेली तुरटी पाणी आंबट करते, आणि आंबट पाण्यात मासा असाच वर येऊन आ करतो. मोकळ्या हातानं मी पिशवीतला लिटमसचा कागद काढून ड्रमात बुडवला. निळा होता, लाल झाला. पण पाणी आंबट असलं म्हणून त्यात काजरा नाही, असं थोडंच? तुरटी आणि काजरा दोन्ही असू शकत होतं. माझा कागद एवढंच सांगत होता, आणि काकांची मासोळी तेवढंच. दोघंही अर्धवट.

“काका, तीन घमेली पाहिजेत,” मी म्हटलं. “एकात ड्रमाचं पाणी, जसं आहे तसं. दुसऱ्यात विहिरीचं पाणी आणि नुसती तुरटी, पूड नाही. तिसऱ्यात ड्रमाचंच पाणी, पण चुना घालून. चुन्यानं तुरटीचा आंबटपणा मरतो. काजरा चुन्यानं मरत नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. गाळ ऐकतो म्हणणाऱ्या माणसाला हे एका झटक्यात कळलं. “म्हणजे तिसऱ्यात मासोळी वाचली, तं काजरा नाई.”

“नाही.”

“आन् मेली, तं?”

मी चुना मागितला. मुलगा माझ्याकडे पाहत होता.

चुना म्हातारीनं दिला. कमरेची पानाची चंची सोडली, चुन्याची डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली. तिचा हात गार होता. मे महिन्यात गार हात. मी तो उगाच धरून ठेवला, थरथर आहे का पाहत. “सोड गा,” ती म्हणाली, “लोक पाहून राहिले.”

काकांनी तिन्ही घमेल्यांत मासोळ्या सोडल्या. या वेळी ते स्वतःच बोलले नाहीत, आणि त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मी त्यावर हसलो नाही. अंगणात फक्त चुलीतलं लाकूड तडकत होतं. पहिल्या घमेल्यात मासोळ्या वर आल्या. दुसऱ्यातही वर आल्या, तशाच, आ करत, जिथे पुडीतला कणही नव्हता. लोकांत कुजबुज झाली, काकांनी डोळे वटारले. तिसऱ्या घमेल्यात, चुन्याच्या पाण्यात, मासोळ्या आधी कडेला जाऊन दडल्या. एक झटक्यानं वळली. मला वाटलं, आता काडी होणार. ती काडी झाली नाही. ती खाली गेली, बुडाशी फिरली, पुन्हा फिरली. आम्ही किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. पहिल्या दोन घमेल्यांत पांढरी पोटं वर तरंगत होती आणि तिसऱ्यातल्या मासोळ्या कुणी बोट घातलं की निसटून पळत होत्या.

“नाई काजरा,” काका म्हणाले, आणि खाली बसले ते बसलेच.

मुलानं मनगट सोडलं. घराघरांतून आणलेला चुना ड्रमांत पडला, मी कागद बुडवून बुडवून पाहिला, लाल व्हायचा थांबला तेव्हा थांबलो. तेवढ्यात कुणीतरी वर बोट दाखवलं. कौलांवरचं पान रिकामं होतं. आम्ही सगळे घमेल्यांवर वाकलेले असताना कावळा येऊन गेला होता, आणि एकानंही पाहिला नव्हता. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र गुपचूप घराच्या मागे गेलो आणि गोठा, कुंपण, कडुनिंबाचं बुड सगळं धुंडाळलं. मेलेला कावळा कुठे नव्हता.

परत आलो तर पत्रावळी मांडल्या होत्या, पण एकही माणूस बसलेला नव्हता. सगळे उभे. प्यायलेलेही, न प्यायलेलेही. मासोळीवर विश्वास ठेवणं वेगळं आणि घास तोंडात घालणं वेगळं, हे मला न सांगता समजलं.

“साहेब, तुमी बसा पहिले,” मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. तो यजमान होता आणि मी पाव्हणा.

मी बसलो. वरण-भाताचा पहिला घास उचलला आणि तोंडात फिरवत राहिलो. माझी खात्री होती, अगदी शंभर टक्के, आणि घास गळ्याखाली उतरत नव्हता. मी ज्या घमेल्यांची फोड करून दाखवली होती, त्यांच्यावर मीच आता विश्वास ठेवेना. चुना काजऱ्यावर खरंच काही करत नाही ना? कुठे वाचलं होतं मी ते? काका येऊन माझ्या शेजारी बसले, म्हणाले, “वाढा गा, सकाळपासून काही खाल्लं नाई.” आणि जेवायला लागले. पण ते कशालाही भीत नसत, त्यांना मधोमध नथवाली मासोळी दिसायची. त्यांच्या जेवण्यानं मला धीर आला नाही.

मग म्हातारी माझ्या समोर येऊन बसली. तेरवीच्या दिवशी तिनं पंगतीत बसावं की नाही, यावर मागे काही बाया बोलल्या, तिनं लक्ष दिलं नाही. ड्रमातलं पाणी मागून घेतलं, पुन्हा तेवढाच मोठा पेला. मी तिच्या गळ्याकडे पाहत होतो. एक घोट, दुसरा, तिसरा. पेला खाली ठेवला.

“आता कसं लागते?” मी विचारलं.

“चुन्याचं,” ती म्हणाली. “पान खाल्ल्यावानी.”

तिच्या मागोमाग एकेक माणूस बसला. वाढप सुरू झालं. भांडी आदळली, मुलं ओरडली, आणि दर आवाजाला मी रांगेवरून नजर फिरवत होतो, कुणाची मान ताठ झाली का, कुणाचा हात अर्ध्यात थांबला का. कुणाचा थांबला नाही. बुंदी वाढायला आली तेव्हा मी पानावर आडवा हात धरला. पानातला भात अजून तसाच होता.

म्हातारीनं ते पाहिलं. वाढणाऱ्या सुनेला म्हणाली, “वाढ वं त्याले. भेलेलं माणूस हाये. भेलेल्याले गोड द्या लागते.”

मी हात काढला. सुनेनं दोनदा वाढलं.